अंडी विकून घेतलेला किल्ला

पुण्यातल्या कोंबडीवाल्यांनी इंग्लंडमधला फुटबॉल क्लब विकत घेतला, ही बातमी नोव्हेंबर 2010 मध्ये खुलताबादेत पोचली, तेव्हा चहाच्या टपरीवर तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारला गेला : आता अंडं महागणार का?

विचारणारे आमचे शेडवाले काका. गावाबाहेर त्यांचं पोल्ट्रीचं शेड आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, वीज, पाणी, तूस आणि रात्रीची जाग काकांची. त्यामुळे जगात कोणीही, कुठेही, काहीही विकत घेतलं की काकांना एवढंच कळून घ्यायचं असतं की हा पैसा शेवटी कुणाच्या किलोमागून कापला जाणार. फुटबॉल त्यांना कळत नव्हता, धंदा कळत होता. पुढची पंधरा वर्षं पाहता असं वाटतं, की सौद्याच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांजवळ काकांच्या निम्मा जरी संशय असता, तरी बराच खर्च वाचला असता.

आता विकत घेणारे काही कच्चे लिंबू नव्हते. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे कारभार पुण्याला आला आणि 'व्हेंकीज' हे नाव देशभर झालं. अंड्याचा भाव त्या काळी व्यापारी ठरवत आणि कोंबडीवाला मान खाली घालून तो घेत असे. रावांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं. अंडं आमचं, तर भावही आम्हीच सांगू, असा एकूण सूर. त्यातून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. रविवार असो की सोमवार, अंडी खाच म्हणणारी टीव्हीवरची ती जाहिरात याच समितीची. दलालाच्या तोंडून भाव ऐकू नका, हे देशाला शिकवणारं घराणं. त्याच घराण्याची पुढची पिढी, अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश व बालाजी राव, फुटबॉलच्या बाजारात उतरली ती मात्र एजंट लोकांचं बोट धरून.

घेतलं काय, तर ब्लॅकबर्न रोव्हर्स. 1888 मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक. गाव लँकेशायरमधलं, गिरण्यांचं. आणि गिरण्यांत विणायचे काय? धोतरं! आपल्याच देशात खपणारी धोतरं ब्लॅकबर्नच्या मागांवरून निघत आणि बोटीने मुंबईला येत. आपले पणजोबा ज्या गावाच्या धोतरात बोहल्यावर चढले असतील, त्या गावाचा फुटबॉल क्लब पुण्याने विकत घ्यावा, यात मला तरी एक सणसणीत न्याय दिसला. गांधीजी 1931 मध्ये ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला जाऊन बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटून आले होते. खादीवाल्याच्या मागोमाग ऐंशी वर्षांनी कोंबडीवाले येतील, असं त्या कामगारांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

किंमत होती 2 कोटी 30 लाख पौंड, तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर. शिवाय क्लबच्या डोक्यावरचं कर्ज. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय कंपनीच्या मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून पेपरांनी पानं भरभरून लिहिलं. लगान सिनेमाची आठवण काढायची संधी आपल्याकडचा पत्रकार सहसा सोडत नाही. तीही कुणी सोडली नाही.

ब्लॅकबर्नला शेठ माणूस नवा नव्हता, हे इथे सांगायला हवं. आधीचा शेठ जॅक वॉकर. त्याच गावात जन्मलेला, पोलादाचा व्यापारी. 1989 मध्ये त्याने आपली कंपनी 33 कोटी पौंडांना विकली आणि लहानपणापासून ज्या संघासाठी घसा बसवला होता तो संघच हाती घेतला. ॲलन शिअररला आणलं, केनी डाल्ग्लिशला मॅनेजर म्हणून बसवलं आणि 1995 मध्ये ब्लॅकबर्न चक्क प्रीमियर लीगचा विजेता झाला. शेवटचा सामना ते लिव्हरपूलमध्ये हरले होते, पण तिकडे मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकलं आणि चषक यांच्या पदरात पडला. वॉकर 2000 मध्ये गेला. त्याच्या ट्रस्टने दहा वर्षं गाडा ओढला आणि मग गिऱ्हाईक शोधलं. म्हणजे व्हेंकीजने नुसता क्लब घेतला नाही, गावाने देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाची खुर्ची घेतली. असल्या खुर्चीवर बसताना माणसाने निदान आधी गावात चार दिवस राहून यावं.

ते झालं नाही. महिना उलटायच्या आत, 13 डिसेंबरला, मॅनेजर सॅम ॲलरडाइसला नारळ मिळाला. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. प्रीमियर लीगमध्ये ब्लॅकबर्नसारख्याला तेरावं म्हणजे सुखाचं घर. त्याच्या जागी आला त्याच्याच हाताखालचा स्टीव्ह कीन. मग ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणायची बोलणी जाहीर झाली. रोनाल्डिन्यो! लँकेशायरच्या जानेवारीत! तो शहाणा निघाला, रिओच्या फ्लामेंगोकडे गेला. तिथे समुद्र आहे, ऊन आहे आणि ॲलरडाइसला का काढलं हे विचारणारं कुणी नाही.

त्यानंतर व्हेंकीजने जाहिरात केली. संघाचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून सामन्याआधी कोंबडीच्या तंगड्या खातायत, अशी. ती मी मोबाइलवर काकांना दाखवली. काकांनी ती अतिशय बारकाईने पाहिली आणि म्हणाले, "सर, ही पोरं खात नाहीत. नुसती धरून बसलीत." पुन्हा पाहिली तर खरंच काही चेहऱ्यांवर पंगतीतल्या बुंदीकडे पाहणाऱ्या मधुमेही पाहुण्याचा भाव होता. ऑक्टोबर 2011 मध्ये हीच मंडळी पुण्यात आली, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळली आणि तीन गोलांनी जिंकली. यजमान पुणे एफसी पुढे काही वर्षांत बंदच पडला. फुटबॉलमध्ये पुण्याचा पैसा लँकेशायरपर्यंत पोचला, बालेवाडीपर्यंत काही पोचला नाही.

कीनच्या विरोधात प्रेक्षक दर आठवड्याला ओरडत होते. मधूनच संघ असा काही खेळायचा की ओरडणाऱ्यांची पंचाईत व्हायची. 31 डिसेंबर 2011 ला त्यांनी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानात 3-2 ने हरवलं, तेही युनायटेडच्या ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी. पण वाढदिवसाने वर्ष निघत नाही. 7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनशी सामना, हरलो की खालच्या श्रेणीत. आणि सामना सुरू असताना प्रेक्षकांतून कुणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला. खेळ थांबला. लाखो पौंड पगार घेणारे बावीस जण उभे, आणि कोंबडी हिरव्यागार गवतावर, दिव्यांच्या झगझगाटात, पाय उचलून उचलून टाकत फिरतेय. जगभरच्या टीव्हीवर. वार होता सोमवार. रविवार असो की सोमवार म्हणणाऱ्यांच्या वाट्याला असाही एक सोमवार लिहिला होता.

तो व्हिडिओही काकांना दाखवला. वाटलं होतं हसतील. त्यांनी कोंबडी निरखली आणि निकाल दिला : "ब्रॉयलर नाही ही. ब्रॉयलर एवढी चालली असती तर आमचं वजनच भरलं नसतं." म्हणजे निषेध करणाऱ्यांनी निषेधासाठीसुद्धा मालकांचा माल वापरला नव्हता. सामना 1-0 ने गेला, ब्लॅकबर्न खाली घसरला.

इथून पुढचा काळ समजायला काकांचं शास्त्र फार उपयोगी पडतं. ब्रॉयलरची बॅच चाळीस-बेचाळीस दिवसांत निघते. शेड धुवायचं, चुना मारायचा, नवी पिल्लं सोडायची. ब्लॅकबर्नचे मॅनेजर साधारण याच वेगाने निघू लागले. सप्टेंबर 2012 मध्ये कीन गेला. हेनिंग बर्ग आला आणि 57 दिवसांत गेला. मग मायकेल ॲपलटन, 67 दिवस. फरक इतकाच, की कोंबडी शेडमधून निघताना पैसे देऊन जाते आणि मॅनेजर घेऊन जातो. बर्गचा करार तीन वर्षांचा होता. तो न्यायालयात गेला आणि साडेबावीस लाख पौंड घेऊन घरी गेला. रुपयात अठरा कोटींच्या पुढे, 57 दिवसांचे. दिवसाला बत्तीस लाख. हा हिशोब मी टपरीवर मोठ्याने केला तेव्हा काका काही वेळ बोललेच नाहीत. नंतर त्यांनी दोन चहांचे पैसे माझ्या खात्यावर मांडायला सांगितले. एवढा धक्का सोसल्यावर स्वतःचे पैसे द्यायची ताकद उरली नव्हती म्हणे.

खुलताबादेत राहणाऱ्या माणसाला या सगळ्यात दुसरीच एक गोष्ट आठवते, आणि तिच्यासाठी कुठे लांब जावं लागत नाही. आमच्या गावात औरंगजेबाची कबर आहे. उघड्यावर, वर छप्पर नाही, मातीत सब्ज्याचं रोप. टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत माझं कफन करा, असं तो सांगून गेला म्हणतात. काटकसरीचा नमुना म्हणून ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते. पण याच काटकसरी माणसाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं आणि अख्खा खजिना दख्खनमध्ये घातला, आणि घातला तो पुष्कळसा किल्ले विकत घेण्यात. हो, विकत. लढून घेतला तो तोरणा. बाकी अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने वेढा द्यायचा, पावसात तंबू कुजवायचे आणि शेवटी किल्लेदाराला थैली पोचवून किल्ला ताब्यात घ्यायचा. मराठे पैसे मोजून घेत, किल्ला खाली करत, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तोच किल्ला फुकटात परत घेत. असला सौदा फुटबॉलच्या एजंटांनाही अजून साधलेला नाही.

नवा मालक आला की नावं बदलायची हौस तेव्हाही होती. साताऱ्याचं आझमतारा केलं, सिंहगडाचं बक्षिंदाबक्ष, तोरण्याचं फुतुहुल्गैब. घाटाखालच्या शेतकऱ्याने फुतुहुल्गैब कसं उच्चारलं असेल कुणास ठाऊक. बहुधा उच्चारलंच नसेल. ब्लॅकबर्नमध्ये नाव बदलायच्या फंदात व्हेंकीज पडले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवी.

शेजारीच मलिक अंबरचीही कबर आहे. इथियोपियात जन्मलेलं पोर, गुलामांच्या बाजारात या हातातून त्या हातात विकलं गेलं, अरबस्तान, बगदाद करत दख्खनला आलं आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झालं. त्याच्या हयातीत त्याच्यावर मोगल बादशहा जहांगीर चिडून होता. पण ज्यांनी त्याला विकलं त्यांची नावं शोधायला आज इतिहासकारांना भिंग लागतं. खेळाडूच्या किमतीच्या पाट्या वाचताना मला हा माणूस हमखास आठवतो. 2024 च्या सुरुवातीला ब्लॅकबर्नचं घरचं पोर, ॲडम व्हार्टन, वीस वर्षांचं होण्याआधीच क्रिस्टल पॅलेसला विकलं गेलं. आलेल्या रकमेत व्हेंकीजने अख्खा क्लब ज्या भावाला घेतला, तो भाव जवळजवळ निघाला. एका पोराच्या दोन पायांत!

हे सगळं मी ज्या कारणासाठी इतक्या बारकाईने पाहत होतो ते सांगायचं राहिलंच. आमच्याकडेही एक शेठ तयार झाला आहे. समृद्धी महामार्गाने इकडच्या जमिनींना जो भाव आणला त्यात या पट्ट्यात बरेच शेठ उगवले. काहींनी फॉर्च्युनर घेतली, काहींनी आमदार चषक भरवला. टेनिस बॉलवरचा, रात्रीच्या उजेडात, पहिलं बक्षीस एक लाख, ट्रॉफी खेळाडूपेक्षा उंच, आणि बॅनरवर खेळाडू सोडून सगळ्यांचे फोटो. आमचा हा शेठ प्लॉटिंगवाला. बॅनरवरचा त्याचा फोटो मागच्या वर्षी वाऱ्याने फाटला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, की आता काहीतरी पक्कं घेतलं पाहिजे. एका संध्याकाळी त्याने गाडीची काच खाली केली.

"सर, ते ब्लॅकबर्नसारखं एखादं कितीला पडेल?"

"घ्यायला की चालवायला?"

"दोन्ही वेगवेगळं असतं का?"

या प्रश्नापुढे मी नतमस्तक झालो, कारण मँचेस्टर युनायटेड घ्यायला निघालेल्या मायकेल नाइटनलाही बहुधा तो पडला नव्हता. 1989 मधली गोष्ट. दोन कोटी पौंडांना क्लब घेतो, असं जाहीर करून हा गृहस्थ हंगामाच्या पहिल्याच सामन्याआधी संघाचे कपडे घालून मैदानात उतरला, प्रेक्षकांसमोर चेंडू पायावर आणि डोक्यावर नाचवला, जाळ्यात मारला, सगळ्यांना हात केला. पुढे पैशाची जुळणी फिसकटली आणि क्लब काही त्याचा झाला नाही. म्हणजे व्यवहाराआधीच वरात काढून झाली होती. 2022 च्या ऑगस्टमध्ये इलॉन मस्कने तोच क्लब घेत असल्याचं एका ओळीत जगाला कळवलं आणि काही तासांनी ती थट्टा होती म्हणून सांगितलं. पृथ्वीवरच्या सर्वांत श्रीमंत माणसालाही यात थट्टेच्या पलीकडे जाववलं नाही.

शेठला मी चालवायचा हिशोब सांगितला. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, जिथे ब्लॅकबर्न पुष्कळ वर्षं आहे, तिथल्या अनेक क्लबांत नुसते पगारच एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होतात. का, तर वरच्या श्रेणीत गेलं की टीव्हीचा पैसा धो धो मिळतो, म्हणून त्या एका उडीसाठी प्रत्येक जण ऐपतीबाहेर खेळाडू घेतो. चोवीस संघ उडी मारायला उभे, वर जाणार तीन. उरलेल्या एकवीस मालकांनी खड्डा खिशातून भरायचा. ब्लॅकबर्न तर 2017 मध्ये आणखी एक पायरी खाली गेला. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. शेवटचा सामना 3-1 ने जिंकूनही घसरला, गोलांच्या फरकावर! पुढच्याच वर्षी परत वर आला हे खरं. पण पुण्याहून दर वर्षी पैसा जात राहिला, आणि मग सक्तवसुली संचालनालयाची चौकशी लागल्यावर तो पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी काढावी लागू लागली. स्वतःचे पैसे, स्वतःच्याच क्लबला, नुकसान भरून काढायला. आणि त्यासाठी वकील.

"मग ते विकून मोकळे का होत नाहीत?" शेठने विचारलं.

खरं सांगायचं तर मला या घराण्याबद्दल इथेच थोडा आदर वाटतो. प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, कोंबडी सोडली, त्यांनी वर्षानुवर्षे मैदानाचं तोंड पाहिलं नाही, पण पगाराचे पैसे मात्र पाठवले. इंग्लंडमध्ये असेही मालक होऊन गेले, ज्यांनी क्लब बुडवले आणि मैदानाची जागासुद्धा विकली. बरी या क्लबचं उदाहरण ताजं आहे : 1885 पासूनचा क्लब 2019 मध्ये लीगमधून थेट बाहेर. व्हेंकीजने ब्लॅकबर्नचं तसं होऊ दिलं नाही. चूक त्यांची एवढीच, की कोंबडीच्या धंद्यात जे शेडवर जाऊन बघितल्याशिवाय करायचं नसतं, ते त्यांनी फुटबॉलमध्ये पुण्यात बसून केलं. वॉकर तोट्यात होता तेव्हाही स्टँडमध्ये दिसायचा. लोकांना मालक दिसला की निम्म्या शिव्या तिथल्या तिथे विरतात. न दिसणाऱ्या मालकाच्या शिव्या व्याजासकट साठतात.

हे सगळं टपरीवाले मामू कपबशा विसळत ऐकत होते. गावात कुणी काहीही घ्यायला निघालं तर मामूंचं मत विचारावं लागत नाही. "शेठ, कायको इत्ता दूर जाना?" ते म्हणाले. "इधरच मैदान है, पोरे है, गोल के खांबे टेढे है. वो सीधे करो. गाली भी अपनी जबान में मिलेगी, समझ तो आएगी."

शेठने काच वर केली. दोन महिन्यांनी बातमी आली की त्याने शंकरपटाची बैलजोडी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केल्यापासून या धंद्यातही बोली लाखांच्या खाली बोलत नाही. पण शेठ स्वतः धावपट्टीच्या कडेला उभा असतो, पांढरा शर्ट धुळीने माखलेला, जोडी हरली की लोक तोंडावर ऐकवतात आणि हा त्यांना चहा पाजतो. काकांचं म्हणणं, पोल्ट्रीतला माणूस म्हणून, की बैल निदान सेकंदात पळतो. तोटा लवकर कळतो.

मैदानावरचे गोलचे खांब अजून वाकडेच आहेत. खुलताबादेत किंवा आसपास कुणी देणगीदार असेल, तर दोन लोखंडी पाइप, दोन जाळ्या आणि वेल्डिंगचा खर्च एवढंच लागणार आहे. नाव हवं तर खांबावर ऑइलपेंटने लिहून देऊ. गाठ मामूंच्या टपरीवर पडेल.